फताडे पाय आणि ट्रेकिंगचे बूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं पाऊल २६ सेंटिमीटर लांब आणि १०.८ सेंटिमीटर रुंद आहे. हे आकडे आज तोंडपाठ आहेत, पण ते मोजायची बुद्धी सुचेपर्यंत तीन जोड बूट आणि दोन्ही अंगठ्यांची नखं गेली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ट्रेकसाठी बूट घ्यायला निघालं की आधी मला फोन येतो. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली.

माझा पाय खरंच रुंद आहे, की घेतलेले बूटच वाईट आहेत?

मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजायला दहा मिनिटं पुरतात. संध्याकाळी मोजा. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा सुजलेला असतो, आणि डोंगरात बुटात असणारा पाय हा असाच असतो. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. बसून काढलेली आकृती फसवी असते, कारण भार पडल्यावरच चवडा पसरतो. पेन्सिल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, कारण आपण खाली वाकलो की वजन पुढे सरकतं. पेन्सिल अगदी उभी धरायला सांगा. ती आतल्या बाजूला कलली की कागदावरचं पाऊल भलतंच सडपातळ होतं. माझ्या पहिल्या आकृतीत मी अर्धा सेंटिमीटर असाच गमावला होता.

आता टाचेपासून सर्वात लांब बोटापर्यंतची लांबी घ्या (ते बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं) आणि चवड्याची सर्वात जास्त रुंदी घ्या. माझा ढोबळ हिशेब असा: रुंदी लांबीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त भरली तर पाय रुंद समजायचा. २६ सेंटिमीटर लांबीला १०.४ ही सीमारेषा झाली. दोन्ही पाय मोजा. ते सहसा सारखे नसतात, आणि बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा असतो.

मोजायचा कंटाळा असेल तर जुने बूट बघा. करंगळीच्या बाजूला वरचा भाग सोलच्या कडेबाहेर लोंबत असेल, तिथलीच शिवण सगळ्यात आधी उसवली असेल, किंवा तुमच्या करंगळीवर भोवरी कायमची मुक्कामाला असेल, तर उत्तर मिळालं.

रुंद बूट शोधत बसण्यापेक्षा एक साइज मोठी घेतली तर?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझी नखं गेली तीही याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापायी.

इंग्लिश किंवा अमेरिकी मापात एक पूर्ण साइज वाढवली की बुटाची लांबी सुमारे ८.५ मिलिमीटर वाढते. तळाची रुंदी मात्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे पाच मिलिमीटर रुंदी हवी असेल तर दोन साइज वर जावं लागतं आणि पुढे दीड-पावणेदोन सेंटिमीटर मोकळी जागा उरते, जिचा तुम्हाला काहीच उपयोग नाही.

उपयोग नाही इथवरच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बूट कुठे वाकणार ते बनवतानाच ठरलेलं असतं, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यासमोर. बूट लांब घेतला की ती जागा पुढे सरकते. पाय एका ठिकाणी वाकतो, बूट दुसऱ्या ठिकाणी. कमानीचा आधार कमानीखाली येत नाही, बुटाचा सर्वात रुंद भाग चवड्याच्या पुढे निघून जातो आणि चवडा पुन्हा अरुंद भागातच अडकतो. टाच दर पावलाला उचलली जाते, तिथे घासून फोड येतो. चढताना हे सगळं खपून जातं. उतारावर पाय पुढे घसरतो, मोकळ्या जागेतून वेग घेतो आणि अंगठा जाऊन बुटाच्या नाकावर आदळतो. तीन तासांच्या उतरणीत हे किती हजार वेळा होतं ते मोजायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. रात्री मोजा काढला तेव्हा दोन्ही नखांखाली रक्त साकळलं होतं. पुढच्या काही महिन्यांत ती नखं काळी पडून गळली. बूट लहान होते असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. ते मोठे होते.

अर्धी साइज वाढवायला हरकत नाही. डोंगराच्या बुटात बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच. पण रुंदीचं दुखणं लांबीने बरं होत नाही.

बुटावर डी, २ई, ४ई असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

ही अमेरिकी पद्धतीतली रुंदीची अक्षरं. पुरुषांच्या बुटात डी म्हणजे नेहमीची रुंदी, २ई म्हणजे रुंद आणि ४ई म्हणजे फार रुंद. बायकांच्या बुटात बी नेहमीची, डी रुंद आणि २ई फार रुंद. म्हणजे नुसतं ‘डी’ वाचून काही कळत नाही, बूट कुणासाठी बनवलाय तेही बघावं लागतं. एका पायरीने चवड्याभोवतीचा घेर साधारण पाच-सहा मिलिमीटरने वाढतो. वाचायला किरकोळ वाटतं, पायाला वाटत नाही.

खोक्यावर नुसतं ‘वाइड’ लिहिलेलं असेल तर त्यावर फार विसंबू नका. प्रत्येक कंपनी आपल्या साच्यावर बूट बनवते, त्यामुळे एकीचा ‘वाइड’ दुसरीच्या नेहमीच्या बुटाएवढा निघू शकतो. मोंडोपॉइंट नावाच्या पद्धतीत पावलाची लांबी आणि रुंदी दोन्ही सरळ मिलिमीटरमध्ये देता येतात. इतकी शहाणी पद्धत स्कीच्या आणि लष्करी बुटांत दिसते, आपल्या वाट्याला क्वचितच येते.

२ई घेतला तरी चावतोच. असं का?

कारण ‘रुंद पाय’ हा एक प्रकार नाही. तुमचा पाय नेमका कुठे रुंद आहे ते बघा. कागदावरची आकृती अजून असेल तर पुन्हा समोर घ्या.

काहींचा चवडा रुंद असतो पण बोटं पुढे निमुळती होत जातात. त्यांना २ई बहुधा पुरतो. काहींची बोटं जवळजवळ एका ओळीत असतात, पाऊल पुढून चौकोनी दिसतं. त्यांना चवड्याची रुंदी पुरली तरी बुटाचं नाक निमुळतं असेल तर करंगळी चिरडतेच. अशांनी अक्षर सोडून नाकाचा आकार बघावा. बूट वरून पाहिला की तो पावलासारखा दिसतो की होडीसारखा, हे लगेच कळतं.

तिसरा प्रकार जाड पायाचा. तळवा फार रुंद नसतो, पण पाऊल वरून उंच असतं. बूट घालतानाच कोंबावा लागतो आणि लेस बांधली की पावलाच्या वरच्या बाजूला रग लागते. यांना रुंदी नाही, उंची हवी असते. जाड इनसोल (बुटातली सुटी गादी) काढून पातळ घातला तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि मग अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले, म्हणजे बनियनवाले. करंगळीच्या मुळाशीही असंच हाड वाढतं. अख्खा बूट रुंद घेतला तर बाकीचा पाय आत पोहत राहतो. त्यांना एकाच जागी फुगवटा हवा, त्याबद्दल पुढे येईलच.

या सगळ्यांत बऱ्याच जणांची टाच मात्र अरुंद असते. चवडा सुखात आणि टाच डुगडुगते, ही फताड्या पायाची नेहमीची रड. तिचा इलाज लेसमध्ये आहे.

दुकानात बूट घालून बघताना नेमकं काय करायचं?

संध्याकाळी जा आणि ट्रेकचे मोजे घेऊन जा. दुकानातल्या पातळ मोज्यांवर बसलेला बूट डोंगरात बसेलच असं नाही.

बूट घालण्याआधी त्याचा इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. माझ्या मते संपूर्ण खरेदीतलं हे सर्वात मोलाचं अर्धं मिनिट. पाय इनसोलच्या कडेबाहेर ओघळत असेल, करंगळी हवेत असेल, तर तो बूट परत खोक्यात. विक्रेता म्हणेल, ‘वापरून सैल होईल.’ वरचं कातडं होईल, तळ होणार नाही. तळाबाहेर गेलेली करंगळी आयुष्यभर बुटाच्या भिंतीवर चालणार.

इनसोलने पास केलं तर बूट घाला, लेस न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं नाकाला टेकू द्या. टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. दोन बोटं गेली तर बूट लांब आहे. मग टाच मागे ठोकून बसवा, लेस बांधा आणि सगळी बोटं हलवून बघा. पियानो वाजवल्यासारखी हलली पाहिजेत.

आता उतार शोधा. रॅम्प असेल तर उत्तम, नाहीतर जिना. उतरताना पाय जरा जोरात टाका. बोट पुढे लागलं तर बूट नको, कितीही आवडलेला असला तरी. पाठीवर सॅक घेता आली तर घ्या, ओझ्याने पाऊल आणखी पसरतं. आणि घाई करू नका, निदान पंधरा-वीस मिनिटं घालून फिरा. पहिल्या मिनिटाला जे नुसतं जाणवतं ते सहाव्या तासाला ठणकतं.

काही दुकानांत धातूचं, सरकत्या पट्ट्यांचं माप घ्यायचं उपकरण असतं. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात ते बनवलं आणि अजून त्याला तोड नाही. ते दिसलं तर टाचेपासून अंगठ्याच्या सांध्यापर्यंतचं मापही घ्यायला सांगा. बूट कुठे वाकायला हवा ते त्या मापाने कळतं.

आणि ऑनलाइन घेतले तर?

परत करता येत असतील तरच. आले की घरातच, स्वच्छ फरशीवर, वरच्या सगळ्या परीक्षा घ्या. एकदा मातीत गेले की परतीचा रस्ता बंद.

कोणत्या कंपनीचे घ्यावेत?

नावं सांगतो, पण मॉडेल बदलतात, साचेही बदलतात, तेव्हा इनसोलची परीक्षा चुकवू नका. कीनचे बूट बोटांपाशी ऐसपैस म्हणूनच ओळखले जातात. आल्ट्राचं नाक पावलाच्या आकाराचं असतं, चौकोनी बोटांना फार सुखाचं. मात्र त्यांच्या बहुतेक बुटांत टाच आणि चवडा एकाच पातळीवर असतात, त्यामुळे सवय नसलेल्याच्या पोटऱ्या आणि टाचेमागची शीर सुरुवातीला बोलू लागतात. आधी थोडं थोडं चाला. मेरेलचा मोआब आणि लोवाचा रेनेगेड वाइड मापातही निघतात. हानवागने खास बनियनसाठी, अंगठ्याच्या सांध्यापाशी जागा सोडलेले बूट बनवलेत.

चामड्याचे घ्यावेत की कापडाचे?

टिकायला चामडं, लगेच आरामाला कापड. पण रुंद पायाचा विचार केला तर उत्तर थोडं बदलतं.

अख्खं, न तासलेलं चामडं हळूहळू पायाचा आकार घेतं. पहिले काही दिवस ते कुरकुरतं, मग रुळतं, आणि एकदा रुळलं की तो बूट फक्त तुमचा असतो. जाळीदार कापडाचा बूट पहिल्या दिवशीच मऊ लागतो, पण महिन्याभराने तो तेवढाच असतो, सैल होत नाही. त्यामुळे कापडी बूट पहिल्या दिवशी जरासाही आवळत असेल तर घेऊ नका. चामड्याला थोडी सवलत देता येते, थोडीच.

खरी गंमत शिवणींची आहे. कापडी बुटांत तुकडे जास्त, म्हणून शिवणी जास्त. तुमच्या पायाचा सर्वात रुंद भाग जिथे येतो नेमक्या तिथे शिवण असेल तर दर पावलाला ती ताणली जाते. रुंद पायाचे बूट करंगळीपाशी फुटतात ते यामुळे. आपण म्हणतो, माल टिकाऊ नव्हता. माल ठीक होता, पाय त्याला आतून फाडत होता. बूट हातात घेऊन चवड्याच्या दोन्ही बाजू बघा, तिथे एकसंध कातडं असलेला जोड निवडा. वर्षभर तरी जास्त चालेल.

नाकाभोवती रबराची पट्टी असते ती दगडांपासून बूट वाचवते, पण तिच्याखालचं कातडं पसरत नाही. ती चवड्यापर्यंत मागे आली असेल तर ‘पुढे सैल होईल’ ही आशा सोडा.

वॉटरप्रूफ हवेत का?

चिखल, बर्फ, थंडीतला ओलावा यांत चालणार असाल तर हवेत. उन्हाळ्यात आणि कोरड्या वाटेवर नकोत. गोरटेक्ससारखा पाणी अडवणारा पडदा म्हणजे बुटाच्या आत शिवलेला एक पातळ मोजाच. तो थोडी जागा खातो, घाम बाहेर जाऊ द्यायला वेळ लावतो आणि ताणलेला त्याला चालत नाही. आधीच ठासून भरलेल्या बुटात घामाने ओला मोजा म्हणजे फोडांना आमंत्रण. शिवाय पाणी वरून, घोट्यापाशी शिरलं की तेच वॉटरप्रूफ बूट पाणी आत धरून ठेवतात. ओढे तुडवत जायचं असेल तर मी साधे जाळीचे घालतो. भिजतात, आणि चालता चालता वाळतात.

घोट्याच्या वरपर्यंत येणारे बरे की बुटके?

उंच बूट घातला म्हणजे पाय मुरगळणार नाही असं समजू नका. जड सॅक, सुटे दगड, चिखल असेल तर उंच घ्या. आणखी एक कारण फताड्या पायांपुरतं: उंच बुटाला घोट्यापाशी जास्तीचे हुक असतात, त्यामुळे चवडा सैल सोडून टाच घट्ट बांधता येते. बुटक्या बुटात ही मुभा कमी.

टाच उचलली जाते आणि चवडा आवळतो, दोन्ही एकदम. लेस बांधून काही होईल?

बरंच होईल. लेस खालपासून वरपर्यंत एकाच ताणाने ओढायची ही शाळेतली सवय आधी मोडा.

चवड्यावरचा भाग सैल ठेवा. फारच आवळत असेल तर बोटांकडची पहिली जोडी मोकळी सोडून दुसऱ्या भोकांपासून लेस सुरू करा. मग पाऊल जिथे पायाला मिळतं त्या वाकणापर्यंत या. तिथे नेहमीचा एक पीळ न देता लेसची दोन टोकं एकमेकींभोवती दोनदा गुंडाळा आणि ओढा. हा दुहेरी पीळ स्वतःला धरून राहतो, खालचा सैलपणा वर येत नाही आणि वरचा ताण खाली जात नाही. त्याच्या वर आता हवं तेवढं घट्ट बांधा. टाच आपोआप मागे खोबणीत बसते. दुहेरी पीळ देण्याआधी टाच जमिनीवर ठोकून मागे बसवायला विसरू नका, हे मी चालत्या माणसांना थांबवून सांगितलेलं आहे.

पावलाच्या वर एकाच ठिकाणी रग लागत असेल तर तेवढ्या जागी लेस आडवी नेऊ नका. त्याच बाजूने सरळ वर चढवा आणि पुढच्या जोडीपासून पुन्हा फुल्या सुरू करा. मध्ये एक खिडकी उरते, दाब जातो.

उतार सुरू होण्याआधी थांबून घोट्यापाशी लेस पुन्हा आवळा. दोन मिनिटांचं काम आहे आणि नखं वाचतात.

घेतलेले बूट थोडे आवळ आहेत. सैल करता येतील?

चामड्याचे, पडदा नसलेले असतील तर काही मिलिमीटर, तेही रुंदीत. लांबी वाढत नाही. मोच्याकडे लाकडी साचा असतो, स्क्रू फिरवला की तो दोन बाजूंना उघडतो. एक-दोन दिवस बूट त्यावर ठेवतात. बनियनसाठी त्याच साच्याला नेमक्या जागी गोटीसारखा उंचवटा लावता येतो आणि तेवढाच भाग फुगवता येतो. वर म्हणालो तो फुगवटा हाच.

हेअर ड्रायर, चूल, हीटर यांचे प्रयोग करू नका. चामडं कडक होऊन चिरतं आणि सोलचा गोंद सुटतो.

बायकांनी पुरुषांचे बूट घेतले तर चालतात?

चालतात, आणि अनेक जणी तेच करतात. पुरुषांचा डी हा बायकांच्या बीपेक्षा रुंद. अमेरिकी मापात पुरुषांचा नंबर साधारण दीडने कमी धरायचा: बायकांचा ८.५ असेल तर पुरुषांचा ७. टाच मात्र सैल पडू शकते, तेव्हा वर सांगितलेली लेस बांधायची पद्धत शिकून घ्या. गरोदरपणानंतर पाऊल थोडं लांब-रुंद होऊन तसंच राहू शकतं. जुन्या नंबरवर भरवसा न ठेवता पुन्हा मोजा.

मोजे कसले?

लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती नकोत, घाम धरून ठेवतात. जाड मोज्याने अरुंद बूट आरामशीर होत नाही, आणखी अरुंद होतो.

चालताना बोटं बधिर होतात, चवड्याखाली विजेसारखी कळ येते.

लेस सैल करून आणि रुंद बूट घालूनही जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मुळाशी नस दाबली जाऊन जाड होते, तिला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात, आणि आवळ बुटांनी ती चिडते. मधुमेह असेल तर वाट न बघता लगेच दाखवा. पायाची संवेदना कमी झाली असेल तर बूट चावल्याचं कळत नाही, जखमच दिसते.

चांगले बूट किती टिकतात? माझे तर कपाटात ठेवूनच गेले.

ढोबळ मानाने हलके कापडी बूट ५०० ते ८०० किलोमीटर, दणकट चामड्याचे १,००० च्या पुढे. वजन, वाट आणि निगा यांवर हे पुष्कळ खालीवर होतं. चिखल वाळू देऊ नका, तो चामड्यातलं तेल ओढून घेतो. ओले बूट इनसोल काढून, आत कागद कोंबून, सावलीत वाळवा.

कपाटातल्या मरणाचं कारण वेगळं आहे. तळव्याखालचा मऊ थर बहुधा ईव्हीए किंवा पॉलियुरेथेनचा असतो. ईव्हीए हलका, पण दबून चपटा होतो. पॉलियुरेथेन जास्त दिवस उसळी देतो, मात्र हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो, बूट वापरात नसला तरीही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उबदार जागी ठेवले तर आणखी लवकर. माझ्या एका जोडीचा वरचा भाग नव्यासारखा होता. खोक्यातून काढून अर्धा तास चाललो, आणि मागे वळून बघितलं तर वाटेवर काळ्या भुग्याचे ठसे. दुपारपर्यंत एक सोल हातात आला. बाहेरचं रबर शाबूत होतं, त्यावरच्या खाचाही नव्या.

तुमचे बूट काही वर्षांचे असतील तर सोलच्या कडेच्या मऊ थरात नख दाबून बघा. खळगा पडून परत भरला तर ठीक. चीर पडली, पापुद्रा सुटला किंवा बोटाला चिकट लागलं तर ते बूट डोंगरात नेऊ नका. वरचं चामडं चांगलं असेल आणि बांधणी तशी असेल तर नवा सोल बसवून मिळतो. ही तपासणी निघायच्या आदल्या रात्री न करता दोन आठवडे आधी करा, म्हणजे नवा जोड घ्यावाच लागला तर तो रुळायलाही तेवढे दिवस मिळतात.